जावईबापूंच्या टाकीत डिझेल

आमच्या शोरूमच्या मागच्या यार्डात एक गाडी उभी होती. मेहंदी रंगाची, चारही चाकांना ताकद जाणारी, रस्ता नसेल तिथेही जाणारी आणि आल्यापासून कुठेच न गेलेली. तिला रोज सकाळी धुतलं जाई, कोरड्या फडक्यानं पुसलं जाई, बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून चालू करून तिची विचारपूस केली जाई. काम म्हणून ती काही करत नसे. त्यामुळे शोरूममध्ये तिचं नाव 'जावईबापू' पडलं होतं.

जावईबापूंचा दोष एकच होता. ते पेट्रोलवर चालत.

मी त्या शोरूममध्ये सेल्सला होतो, पण कच्चा. कच्चा म्हणजे गळ्यात पट्टा होता, पट्ट्याला ओळखपत्र होतं, पण ओळखपत्रावर फोटोच्या जागी पेनानं 'धम्मदीप' एवढंच लिहिलेलं होतं. फोटो पक्का झाल्यावर लागणार होता. आमचे मॅनेजर भुपेंद्रसर यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, की महिनाअखेरपर्यंत जावईबापूंना घर मिळालं तर तुझा फोटो लागेल, नाहीतर दोघांनाही नागपूरला परत पाठवावं लागेल. जावईबापू नागपूरहून आले होते हे खरं. मी आसगावचा. मला नागपूरला परत पाठवून तिथे माझं काय करणार, हे मी विचारलं नाही. कच्च्या माणसाला प्रश्न विचारायची सोय नसते.

शिवाय आसगावात आमच्या बाबांनी मी मॅनेजर झाल्याचं आधीच जाहीर करून टाकलं होतं. आमचे बाबा, परसराम, पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभ्या हयातीत त्यांनी एकाही कागदावर दोन्ही बाजू वाचल्याशिवाय सही केली नाही. लग्नपत्रिका आली तरी ते ती उलटी करून प्रेसचा पत्ता वाचतात. अशा माणसानं एकदा 'मॅनेजर' म्हटलं, की गावात ते राजपत्रात छापून आल्यासारखं असतं. मला मॅनेजर नाही तरी निदान पक्का होणं भाग होतं.

आता भंडारा जिल्ह्यात फोर बाय फोर गाडी घ्यायला कोणी येत नाही असं नाही. भरपूर येतात. रस्ते पाहता ते साहजिकच आहे. पण येणारा माणूस काचेचं दार ढकलतो, एसीखाली क्षणभर उभा राहतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "डिझेल आहे ना?" आहे, पण नंबर लावावा लागेल, पोळा झाल्यावर मिळेल, असं म्हटलं तर तो पोळ्यापर्यंत थांबायला आनंदानं तयार. पेट्रोलची आहे, आत्ता घेऊन जा म्हटलं, तर तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला शेजारच्या टेबलावरची उरलेली भाजी संपवायला सांगितली.

मला खरं सांगायचं तर गाडी विकण्यापेक्षा हेच जाणून घ्यायचं होतं, की काहून? डिझेलच काहून? म्हणून मी येईल त्याला विचारायला सुरुवात केली.

पवनीचे एक गुरुजी म्हणाले, ताकद. गुरुजींचा प्रवास घर ते शाळा, मध्ये एक गतिरोधक. एवढ्यासाठी ताकद कायले लागते, असं विचारल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, असलेली बरी. चिखल्याकडचे एक वाहतूक कंत्राटदार म्हणाले, आवाज. पेट्रोलच्या गाडीनं साइटवर गेलं तर माणसं बसलेली दिसतात, डिझेलनं गेलं तर काम करताना दिसतात, आणि त्यांना काम करणारी माणसं बघायला आवडतात. जंगलाला लागून शेत असलेल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं, की अस्वलाला आधी समजलं पाहिजे आपण येऊन राहिलो म्हणून. गाडी चुपचाप गेली आणि ते दचकलं, तर चूक कोणाची? चूक आमच्या कंपनीची, हे मला मान्य करावं लागलं. एका आजोबांचा नातू डिझेल गाडीच्या थरथरीशिवाय झोपत नसे. मी म्हटलं, नातू काय, उद्या मोठा होईल. ते म्हणाले, मंग मी आहो ना.

नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, की पेट्रोल विकू नका, शांतता विका. त्यासाठी एक वाक्यही पाठ करून घेतलं होतं: इंजिन चालू आहे की बंद, हेसुद्धा कळत नाही. ते मी एका गिऱ्हाइकाला ऐकवलं. त्यानं विचारलं, म्हणजे बंद पडली तरी समजत नाही? मग तोही गेला.

अशात एका सकाळी दिघोरीहून फोन आला. इश्वरभाऊ नावाचे शेतकरी. फोर बाय फोर आहे काय म्हणाले. मी म्हटलं, आहे जी, पण पेट्रोल. एवढं म्हणून मी फोन ठेवण्याच्या तयारीला लागलो होतो, कारण पुढचं संभाषण मला पाठ होतं.

"चालते," इश्वरभाऊ म्हणाले.

मी पुन्हा विचारलं.

"चालते ना जी. आजच पाहाले पाहिजे पन. घरी घेऊन या."

मी हे भुपेंद्रसरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तोपर्यंत त्यांच्यासाठी मी मागवत असे.

पण गाडी दिघोरीला न्यायची म्हणजे सोपं नव्हतं. शोरूमच्या नियमाप्रमाणे टेस्ट ड्राइव्ह फाटकापासून बायपासपर्यंत आणि परत. दिघोरी लाखांदूर तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यासाठी 'घरपोच प्रात्यक्षिक' नावाची परवानगी लागते आणि ती नागपूर, म्हणजे आमचं मुख्य ऑफिस, देतं. नागपूरनं विचारलं, गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पक्का रस्ता आहे का? भुपेंद्रसरांनी नम्रपणे कळवलं, की ही गाडी रस्ता नसलेल्या ठिकाणी जाण्यासाठीच बनवलेली आहे. नागपूर म्हणालं, ते विकल्यानंतर. तेव्हा सरांनी रस्ता आहे असं कळवलं. परवानगी आली, पण एका अटीवर: गाडीला चिखल लागू नये. जुलै महिना होता. सगळ्या जिल्ह्यात रोवण्याचा हंगाम होता, म्हणजे गुडघाभर चिखल करून त्यात धान लावणं चाललं होतं. अख्ख्या भंडारा जिल्ह्यात त्या आठवड्यात चिखल नसलेली जागा म्हणजे आमचं शोरूम.

दिघोरीला जायचे दोन रस्ते. मी लांबचा घेतला, कारण त्यावर आसगाव लागतं आणि कंपनीच्या गाडीतून घरासमोर उतरण्याचा मोह मला आवरला नाही. आई बाहेर आली. शेजारच्या गोदावरीबाईही आल्या, जय भीम घातला, गाडीभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "कोनतं तेल पेते रे हे?"

पेट्रोल, मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "मंग रस्त्यात संपलं तं कोनाच्या दारी जाशीन, बाबू?"

मी त्यांना जिल्ह्यातल्या पेट्रोलपंपांची माहिती दिली, मोबाइलवर नकाशासुद्धा दाखवला. त्यांनी तो बघितला, पण दया काही कमी झाली नाही.

तेवढ्यात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून तयार होऊन आले आणि मागच्या सीटवर बसले. मी येतो, म्हणाले. वयस्कर माणूस सोबत असला की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. बसल्याबसल्या त्यांनी शोरूमवाल्यांनी बंपरला बांधलेलं लिंबू-मिरचीचं तोरण मला सोडायला लावलं. असल्या गोष्टींनी गाडी चालत नाही, वाचून चालते, असं त्यांचं मत. त्यांनी सोबत गाडीचं माहितीपत्रक घेतलं होतं आणि लाखांदूर येईपर्यंत ते दोन्ही बाजूंनी वाचून काढलं; पेट्रोल आणि डिझेल, दोन्ही गाड्यांचं पत्रक एकच होतं.

इश्वरभाऊ गावाच्या तोंडाशी वाट बघत उभे होते. अंगात बनियन, पाय चिखलानं माखलेले आणि खांद्यावर दोर. टेस्ट ड्राइव्हला येताना लोक सहसा बायकोला आणतात. दोर कोणी आणलेला मी पाहिला नव्हता. ते पुढच्या सीटवर बसले, दोर मांडीवर घेतला आणि म्हणाले, चला, पाहू आपली गाडी.

गाडी पाहायला आम्ही त्यांच्या बांधीवर गेलो. बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. त्या बांधीत त्यांचा ट्रॅक्टर मोठ्या चाकाच्या अर्ध्यापर्यंत बुडालेला होता. शेजारच्या बांधीत त्याला काढायला आलेला दुसरा ट्रॅक्टर बुडालेला होता. पलीकडे, त्या दोघांना काढायला आलेला तिसरा. उन्हाळ्यात तलावात म्हशी बसाव्यात तसे तिघे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसले होते. बांधावर उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या पडलेल्या आणि रोवणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या. पऱ्हे आजच्या आज रोवले नाहीत तर पिवळे पडतात. तेव्हा मला समजलं, की इश्वरभाऊंना पेट्रोल का चालत होतं. तालुक्यातल्या सगळ्या डिझेलच्या गाड्या अशाच कोणाकोणाला काढायला गेलेल्या होत्या.

मी हळूच नागपूरची अट सांगितली. मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "काय शब्द आहेत?"

"गाडीला चिखल लागू नये."

बाबांनी डोळे मिटून ते शब्द मनात दोन्ही बाजूंनी वाचले. "गाडी पांदणीच्या रस्त्यावर उभी राहील," ते म्हणाले. "चिखलात दोर जाईल. दोराबद्दल काही लिहिलेलं नाही."

हेडक्लार्क निवृत्त होतो, पण हेडक्लार्कपणा होत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

दोर बांधला. मी गाडी ट्रेनिंगमध्ये सांगितल्याप्रमाणे जोरकस गिअरमध्ये टाकली आणि जावईबापूंनी, ज्यांनी आयुष्यात फक्त आंघोळी केल्या होत्या, पहिला ट्रॅक्टर असा काढला जसा दह्यातून चमचा. आवाज नाही, धूर नाही. मग इश्वरभाऊंच्या आई, बेबीबाई, पुढे आल्या. घर, शेत आणि इश्वरभाऊ तिन्ही त्याच चालवतात हे बघताक्षणी समजत होतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "एक शब्द नाई बोलला अन् काम केलन. असा जावई पाहिजे होता आमाले."

त्यांना गाडीचं टोपणनाव कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर टेस्ट ड्राइव्ह संपायचं नाव घेईना. दुसरा ट्रॅक्टर काढला, तिसरा काढला. मग लांबच्या बांधीवर पऱ्ह्यांच्या जुड्या पोचवल्या. मग बायांचं जेवण आणलं, मग बाया आणल्या, मग एका बाईची राहिलेली चप्पल. मधूनच भुपेंद्रसरांचा फोन आला. गिऱ्हाईक काय म्हणते? मी म्हटलं, खूश आहेत सर, उतरायलाच तयार नाहीत. सरांनी विचारलं, मागे गाणं कोण म्हणून राहिलं? बाया रोवताना गाणं म्हणत होत्या. मी म्हटलं, म्युझिक सिस्टीम दाखवून राहिलो, सर. सर म्हणाले, आवाज एकदम खरा येते बे.

दुपार उतरल्यावर बेबीबाईंनी आम्हाला जेवायला बसवलं. बाबा साखरेमुळे थोडंच खातात, ते आधी उठले आणि गाडीजवळ खुर्ची टाकून बसले. मी भातावर वरण घेत असताना बेबीबाईंनी निर्णय सांगितला. गाडी घ्यायची. पेट्रोल असू दे, गुणाची आहे. आधी आपण हिच्यातून गावात एक चक्कर मारू, मग इश्वर बयाणा देईल. इश्वरभाऊंनी मान हलवली आणि ते उठून बाहेर गेले. मला ओळखपत्रावरचा माझा फोटो दिसायला लागला. कोणता शर्ट घालायचा हेही मी ठरवून टाकलं, आणि त्या आनंदात नको म्हणायचं विसरून तिसऱ्यांदा भात घेतला.

बाहेर आलो तेव्हा बाबा गाडीच्या मागच्या अंगाला उभे होते आणि टाकीचं झाकण फिरवून बसवत होते. चेहऱ्यावर झेंडावंदनाच्या वेळी असतो तो भाव. आजूबाजूला काही मंडळी रिकामे कॅन घेऊन उभी. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही. शिष्टाचार." मला वाटलं, बाबांनी कोणाला गाडीची माहिती दिली असेल.

बेबीबाई नवं लुगडं नेसून पुढे बसल्या. मागे बाबा आणि इश्वरभाऊ. मी गाडी काढली. घरांमधून, विहिरीवरून, शाळेसमोरून. बेबीबाई काच खाली करून ओळखीच्या माणसांकडे अजिबात न बघण्याचा मान घेत होत्या. ग्रामपंचायतीसमोर आलो आणि जावईबापूंना ठसका लागला.

आधी एक. मग लागोपाठ. मग सगळी गाडी हिव भरल्यासारखी हलायला लागली, मागून पांढरा धूर निघाला आणि आयुष्यात कधी तोंड न उघडलेल्या त्या इंजिनातून धडधड, खडखड असा प्रचंड आवाज यायला लागला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेला एक माणूस कौतुकानं म्हणाला, आता कशी डिझेलसारखी बोलली. तेवढं बोलून गाडी बंद पडली. या वेळी ती बंद आहे हे सगळ्यांना कळलं.

मी चावी फिरवली. परत फिरवली.

"तेल संपलं असेल म्हणशील तर तसं होऊ शकत नाही," बाबा मागून शांतपणे म्हणाले. "टाकी काठोकाठ आहे."

"काठोकाठ कशी?"

तेव्हा उलगडलं. त्या भागात रीत आहे, की ज्यानं तुमचा ट्रॅक्टर चिखलातून काढला त्याच्या टाकीत घरचं डिझेल टाकायचं. पैसे द्यायचे नाहीत, तो त्याचा अपमान. पैसे मजुराला देतात, उपकार करणाऱ्याला डिझेल. आम्ही जेवायला बसलो तेव्हा तिन्ही ट्रॅक्टरवाले आपापला कॅन घेऊन आले होते. जावयाला आहेर करावा तसा त्यांनी तो केला. तिथे मोठं माणूस म्हणून बाबा बसलेले. गाडीला मान मिळतोय म्हणजे मुलाला मान मिळतोय, हे पाहून ते उठले, त्यांनी स्वतःच्या हातानं झाकण उघडलं, ते शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवलं आणि तिन्ही कॅन संपेपर्यंत नरसाळं धरून उभे राहिले.

मी गाडीतून उतरून झाकण काढलं. आतल्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलं होतं: फक्त पेट्रोल. मी ते बाबांना दाखवलं. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, सवयीनं झाकण उलटं करून दुसरी बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं. ते खाली बघायला लागले. उभ्या हयातीत बाबांनी न वाचलेला हा एकच मजकूर, आणि तोही सकाळपासून त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर होता.

इथे कंपनीची बाजू मांडणं माझं कर्तव्य आहे. अशी चूक होऊ नये म्हणून कंपनीनं पेट्रोल गाडीच्या टाकीचं तोंड इतकं अरुंद ठेवलं आहे, की पंपावरची डिझेलची नळी त्यात जातच नाही. पाण्याची बाटली कापून केलेलं नरसाळं मात्र बरोबर जातं. ट्रेनिंगमध्ये बाटलीचा विषय नव्हता.

मी इश्वरभाऊंना विचारलं, की गाडी पेट्रोलची आहे हे तुम्हाला तर माहीत होतं ना?

"माहीत होतं ना जी," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "पन मान तं डिझेलचाच असते."

बेबीबाई गाडीतून उतरून ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. बयाण्याचा विषय कोणी काढत नव्हतं. माझा फोटो दूरदूर जात होता आणि अशा वेळी शहाण्या माणसानं विनवण्या केल्या असत्या. पण सकाळपासून, खरं तर महिन्यापासून, माझ्या मनात जे होतं तेच तोंडातून निघालं. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, "काकू, एक सांगा. डिझेलच काहून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी विचारावं पाणीच काहून.

"या गावात डिझेल नाई असं एक घर दाखव मले," त्या म्हणाल्या. "मोटारीले लागते, ट्रॅक्टरले लागते, मळणीले लागते. माह्यं सरलं तं मी बाजूच्या घरून कॅन आनतो. तिचं सरलं तं ते माह्या घरून नेते. कोनी वापस करते, कोनी नाई करत. पेट्रोल कोनाच्या घरी मांगू? पोराच्या फटफटीतून चोखून काढू?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुही गाडी चांगली हाये, बाबू. पन जिच्यात आपल्या घरचं काई टाकता येत नाई, ते गाडी आपली कशी मनाची?"

गुरुजींची ताकद, कंत्राटदारांचा आवाज, अस्वलाची सोय, सगळं एकदम मागे पडलं. गोदावरीबाईंनी हेच सकाळी विचारलं होतं आणि मी त्यांना नकाशा दाखवत बसलो होतो. उत्तर मिळालं याचा मला इतका आनंद झाला, की नोकरी गेली हे थोडा वेळ लक्षातच आलं नाही. ते इश्वरभाऊंनी आणून दिलं. दुरुस्त झाली की मंग पाहू, म्हणाले. आमच्या धंद्यात याचा अर्थ काय होतो ते कच्च्या माणसालाही समजतं.

परतीच्या प्रवासात पुढे इश्वरभाऊंचा ट्रॅक्टर, मध्ये तोच दोर आणि मागे जावईबापू. स्टेअरिंगवर मी, मागच्या सीटवर बाबा, ताठ. बांधीवरच्या बायांनी हात हलवला. बाबांनी लाखांदूरपर्यंत एकच वाक्य उच्चारलं: "जबाबदारी निश्चित झाली पाहिजे."

लाखांदूरच्या पिंटू मेकॅनिकनं टाकी उतरवली, आतलं एका भांड्यात ओतलं, वास घेतला आणि म्हणाला, हे आता ट्रॅक्टरच्याही कामाचं नाही आणि गाडीच्याही नाही. मग विचारलं, टाकलं कोणी? तीन ट्रॅक्टरवाल्यांची नावं सहज सांगता आली असती.

"मी," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भुपेंद्रसर मला केबिनमध्ये बोलावून नागपूर काय म्हणालं ते सांगत होते. नागपूर फार वेळ बोललं असावं, कारण सर अजून चिखलाच्या अटीपर्यंतच आले होते. तेवढ्यात काचेचं दार ढकलून बाबा आत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सोबत आई. बाबा सरांसमोर उभे राहिले आणि कार्यालयीन आवाजात म्हणाले, की सदर वाहनाच्या झाकणावरील मजकूर न वाचता कार्यवाही केल्यामुळे नुकसान झालेलं आहे. जबाबदारी निश्चित केली असता ती माझ्यावर येते. सबब ते वाहन मी घेतो.

सर उभे राहिले. मीही. आईनं बाबांना विचारलं, "तुमाले चालवता येते काय?"

"शिकीन," बाबा म्हणाले.

आईच्या स्वयंपाकघराचा नवा ओटा त्या क्षणी पुढच्या वर्षावर गेला. तिनं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या बिनफोटोच्या ओळखपत्राकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि खुर्चीवर बसून घेतलं. ती आमच्या घरात मंजुरीची खूण आहे.

अशी माझी पहिली विक्री झाली. गिऱ्हाईक: वडील. खरेदीचं कारण: पश्चात्ताप. याला विक्री म्हणावं की नाही यावर शोरूममध्ये आजही दोन मतं आहेत. पण फोटो लागला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. बदलून द्या म्हटलं तर कळलं, की फोटो बदलण्याची परवानगी नागपूर देतं.

बाबा गाडी शिकले. दुसऱ्या गिअरच्या पुढे ते जात नाहीत, पुढच्या गिअरची गरज सिद्ध झालेली नाही म्हणतात. समोरच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' आणि टाकीच्या झाकणाच्या बाहेरच्या बाजूला, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात, 'आतील बाजू वाचावी'. चालवता यायला लागल्यावर ते सगळ्यात आधी दिघोरीला गेले, बेबीबाईंची माफी मागायला. बेबीबाईंनी माफी ऐकूनच घेतली नाही. आत गेल्या आणि पेट्रोलनं भरलेली बाटली घेऊन आल्या. पंपावर बाटलीत देत नाहीत, म्हणून इश्वरभाऊंनी फटफटीत भरून आणलं होतं आणि घरी नळीनं काढून ठेवलं होतं. मास्तर कधी ना कधी येतील म्हणून. बाबा मास्तर नव्हते; पण चूक दुरुस्त न करण्याची बाबांची ती पहिलीच वेळ. बेबीबाईंनी बाबांना झाकणाची आतली बाजू मोठ्यानं वाचायला लावली आणि मग स्वतःच्या हातानं बाटली टाकीत रिकामी केली.

मग बाकीचे दोन ट्रॅक्टरवाले मागे कसे राहतील? त्यांनीही बाटल्या ठेवल्या. ही बातमी आसगावात पोचली तेव्हा गोदावरीबाईंच्या अस्मितेला धक्का बसला. त्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही. पण दिघोरीचे लोक आपल्या परसरामाला तेल देतात आणि शेजारी असून आपण नाही, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी पुतण्याच्या स्कूटीतून एक बाटली काढून घेतली; ती चुलीपासून लांब ठेवायची, एवढं आईनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. आता बाबा आसगाव ते दिघोरी कुठेही निघाले तरी टाकी भरूनच परत येतात. कधी कधी ते तेल संपावं म्हणूनच निघतात.

धान कापून झाल्यावर एक दिवस शोरूमचं दार उघडलं आणि इश्वरभाऊ आत आले, या वेळी पूर्ण कपड्यांत, दोराशिवाय. मागे बेबीबाई. भुपेंद्रसरांनी स्वतः खुर्च्या पुढे केल्या. इश्वरभाऊ म्हणाले, पेट्रोलची दाखवा. सरांना ते दोनदा ऐकावं लागलं. मी विचारलं, काय झालं जी? ते म्हणाले, आता घरी पेट्रोल असते ना. सगळ्याइच्याच घरी असते.

सरांनी नागपूरला फोन लावला. बराच वेळ नुसते हो, हो, म्हणत राहिले. नागपूरनं आमच्या जिल्ह्याला पेट्रोलची गाडी पाठवणं बंद केलं होतं. मागणी नाही, असं इथूनच दर आठवड्याला कळवलं जात होतं. कळवणारा मी होतो, आणि माझ्या कळवण्यावर नागपूरनं केलेली ही पहिलीच कार्यवाही होती.

यार्डात एकच गाडी होती. कोणीतरी बुकिंग रद्द केलेली, पांढरी, रोज धुतली-पुसली जाणारी. मी तिच्याबद्दल काही न बोलता दोघांना तिच्याजवळ घेऊन गेलो. बेबीबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दारावर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. मी चावी फिरवली. धडधड, खडखड, सगळं यार्ड हललं. कंत्राटदार, गुरुजी, अस्वल, नातू, सगळ्यांना आवडावा असा आवाज.

बेबीबाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला. मग माझ्याकडे वळल्या, जरा दयेनं.

"चांगली हाये," त्या म्हणाल्या. "पन डिझेल हाये ना?"